दार लावून घेतलेला अर्धा तास

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून पहाटेची कदंबा बस. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाइल. कॅमेऱ्यात तिचा चेहरा दाखवायचा नाही असं ठरलंय. हात पाहा. काजूच्या चिकाने काळवंडलेली बोटं, मोसम सरला तरी डाग गेलेले नाहीत.

धाकट्या भावाला ती मूत्रपिंड देणार आहे. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही झाल्या. आज रुग्णालयात सुई नाही की मशीन नाही, मानसोपचारतज्ज्ञाशी नुसतं बोलायचं आहे.

बाहेर बाकावर भाऊ. डाव्या हातावर डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या फिस्टुलाची फुगलेली शीर. शेजारी आई आणि मामा. आत मात्र ती एकटीच.

आत आम्ही कॅमेरा नेला नाही. ही रिकामी खुर्ची नंतर टिपली, मानसोपचारतज्ज्ञ आत काय काय विचारतात ते आम्हाला सांगत असताना. फॉर्म इंग्रजीत, प्रश्न कोंकणीत, उत्तरं मराठीत. गोव्यात हे असंच चालतं.

हे पहिल्यांदा कोणाच्या मनात आलं? नवरा काय म्हणाला? भावाच्या शरीराने किडनी नाकारली तर? वडिलांच्या घराची वाटणी झालीय का? गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीलाही मुलाएवढाच वाटा, त्यामुळे हा प्रश्न इथे आडून विचारून भागत नाही.

आणि तुम्ही नको म्हणालात, तर माहेरी काय होईल?

यावर ती काय म्हणाली, ते आम्ही विचारलं नाही.

अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा सुरुवातीलाच ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत गोवा होता. दात्याची मानसिक अवस्था आणि संमती मानसोपचारतज्ज्ञाने तपासायची, असं नियम सांगतात. 2014 च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे: दाता बाई असेल, तर तिच्या संमतीची खात्री अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यायची. उगाच नाही. आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष.

आता समाजसेविकेचं टेबल. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलायचं नाही. मग पाण्याची कळशी कोण उचलणार, गुरांचं कोण बघणार? ती बोटांवर मोजते. सासू. शेजारीण. तिसरं बोट तसंच उभं राहतं.

आत कोणी नको म्हटलंच, तर घरच्यांना कारण कळवत नाहीत. 'दाता योग्य नाही' एवढंच सांगतात.

दार उघडतं. भाऊ उठतो.

'काय विचारलं गो?'

'काही नाही रे. तू चहा घेतलास?'