लिडिया काब्रेरांचे दप्तर

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आजचा विषय ‘क्यूबाचा राजकीय आणि सामाजिक इतिहास : दानात आलेल्या संग्रहांच्या आधारे’ असा जाहीर झाला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. मात्र त्याआधी आपल्याला हवानालगतच्या मारियानाओमधल्या एका जुन्या घरात न्यायचे आहे. आफ्रिकी वंशाच्या क्यूबन लोकांच्या संस्कृतीच्या अभ्यासक लिडिया काब्रेरा यांचे जे कागद आज मायामी विद्यापीठाच्या क्यूबन हेरिटेज कलेक्शनमध्ये आहेत, ते त्या घराची ओळख नसताना वाचले तर अर्धेच कळतात, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे.

घराचे नाव कीन्ता सान होसे. तिथे लिडिया आणि मारिया तेरेसा दे रोहास एकत्र राहत. मारिया तेरेसांना सगळे टिटिना म्हणत. टिटिना जुन्या लिप्यांच्या जाणकार होत्या आणि हवानाच्या नोटरींची सोळाव्या शतकातली दप्तरे वाचत असत. त्या काळचे स्पॅनिश कारकून लेखणी न उचलता अक्षरामागून अक्षर गुंफत जात, त्यामुळे शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हेच आधी ठरवावे लागते. मोडीचे रुमाल ज्यांनी सोडले आहेत, त्यांना एका ओळीपायी अख्खी दुपार कशी जाते ते मी सांगायला नको. या दप्तरांत घरांची विक्री, मृत्युपत्रे आणि कर्जरोखे आहेत आणि त्यांच्याच रांगेत, त्याच कोरड्या कायदेशीर भाषेत, माणसांची खरेदीखते आहेत. टिटिनांनी केलेले या दप्तरांचे गोषवारे १९४७ ते १९५७ या काळात तीन खंडांत छापले गेले.

त्याच घरात लिडिया वेगळ्या प्रकारचे कागद तयार करीत होत्या. शेजारच्या पोगोलोत्ती या कामगारवस्तीत आणि पुढे मातान्सास प्रांतात त्या वृद्ध कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांकडे जात, त्यांचे बोलणे ऐकत आणि टिपून ठेवत. त्यांच्या घरी शिवणकाम करणाऱ्या ओमी तोमी यांनी त्यांना या जगाची पहिली वाट दाखवली होती. क्यूबातली गुलामगिरी १८८६ साली संपली. म्हणजे १९३० च्या सुमारास लिडियांनी हे काम हाती घेतले तेव्हा, ज्यांचे आईबाप साखरेच्या मळ्यांवर गुलाम होते, अशी माणसे हाकेच्या अंतरावर होती. ही माणसे सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नसत. आज विचारलेल्या वनस्पतीचे नाव काही महिन्यांनी, भलत्याच गोष्टीच्या ओघात हाती लागे. लिडियांनी तो ओघ मोडला नाही. या लोकांचे धर्माचार आणि वनस्पती यांवरच्या १९५४ च्या ‘एल मोन्ते’ या ग्रंथात त्यांनी ते बोलणे आपल्या अर्थनिरूपणाच्या गाळणीतून न काढता वाचकांपुढे ठेवले. ग्रंथ त्यांनी आपले मेहुणे आणि क्यूबाचे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ फर्नांदो ओर्तिझ यांना अर्पण केला. ओर्तिझ यांचा १९०६ चा पहिला मोठा ग्रंथ याच धर्माचारांकडे गुन्हेशास्त्राच्या नजरेने पाहत होता, हे लक्षात घेतले म्हणजे अर्पणपत्रिकेच्या त्या एका ओळीमागे केवढे अंतर तोडले गेले आहे ते जाणवते.

१९६० साली दोघींनी देश सोडला. पुढे ते घर पाडले गेले, पण टिपणे लिडियांबरोबर गेली होती. मायामीत १९७० आणि १९८० च्या दशकांत प्रसिद्ध झालेली त्यांची कितीतरी पुस्तके त्या टिपणांतूनच उभी राहिली.

इथे मला एक दुःख बोलून दाखवलेच पाहिजे. माझ्या एका गुरुजींचे दप्तर त्यांच्या पश्चात एका संस्थेला देण्यात आले. पुस्तके वेगळी काढून कपाटांत लागली, अस्सल कागदांना क्रमांक मिळाले आणि पानांमध्ये खोचलेली चिठोरी, अमुक गोष्ट कोणाकडून कळली हे ज्यांवर लिहिलेले होते ती, रद्दीत गेली. ती शोधण्यासाठी मी तीन वेळा खेटे घातले. कोणाचा हेतू वाईट नव्हता, तरीही चाळीस वर्षांच्या कामातला साक्षीदार कायमचा नाहीसा झाला. लिडियांची हस्ताक्षरातली टिपणे, पत्रे आणि छायाचित्रे एका नावाखाली एकत्र राहिली, याचे मोल मला म्हणूनच फार वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जे सांगायचे कबूल केले होते ते आता भराभर सांगतो. क्यूबाच्या राजकीय इतिहासाची सरकारी साधने पुष्कळ आहेत, पण ती विखुरलेली आहेत. स्पेनने १८८८-८९ मध्ये हवानाहून नेलेले दोन हजारांहून अधिक गठ्ठे आज सेव्हिलमध्ये आहेत. ओर्तिझ यांचे कागद हवानात राहिले, लिडियांचे मायामीत आले, आणि मधल्या सामुद्रधुनीइतकाच राजकीय वैराचाही अडथळा अभ्यासकाला ओलांडावा लागतो.

दुसरे असे की, १९१० साली वर्णाच्या आधारे पक्ष काढण्यास कायद्याने बंदी झाली आणि १९१२ साली ‘पार्तिदो इन्देपेन्दिएन्ते दे कोलोर’ या कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र पक्षाच्या उठावात हजारो कृष्णवर्णीय नागरिक मारले गेले. सरकारी भाषेत हे सारे सुव्यवस्थेचे प्रकरण आहे. आबाकुआ ही १८३६ साली हवाना बंदराच्या परिसरात उभी राहिलेली पुरुषांची बंधुसंघटना पोलिसांच्या लेखी दीर्घकाळ गुन्हेगारांची टोळी होती; लिडियांच्या लेखनात मात्र तिला शपथविधी, पदांची उतरंड आणि परस्पर साहाय्याची बंधने आहेत. ज्यांना पक्ष काढू दिला गेला नाही, त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा पुरावा अशा टिपणांतच शोधावा लागेल.

आणि तिसरे, ज्यासाठी मी आपल्याला त्या घरात नेले. सोळाव्या शतकातल्या खरेदीखतांत माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नावापुढे आंगोला, कोंगो असा त्याच्या मुलखाचा शब्द येतो आणि त्यानंतर किंमत येते. लिडियांच्या वृद्ध सांगात्यांच्या तोंडी कोंगो हा शब्द पुन्हा येतो, आणि तिथे त्याच्यापुढे आजीचे नाव, तिची भाषा आणि तिने शिकवलेली झाडपाल्याची औषधे येतात.