विड्या कोणत्या भाषेत मोजतात?

श्रोतेहो, नमस्कार.

मानव्यविद्यांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचण्यासाठी गेल्या वर्षी मी युरोपातील एका विद्यापीठात गेले होते. निबंध सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांविषयी होता. निघण्यापूर्वी मी पूर्व भागातील एका अक्कांना भेटायला गेले, कारण निबंधातील निम्मी माहिती त्यांच्या तोंडून आलेली होती. त्या नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी उजेडाला बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळायचे, टोक नखाने आत दुमडायचे आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे, एवढे सगळे माझे एक वाक्य पुरे होण्याआधी त्यांची बोटे उरकत होती. हात न थांबवता त्यांनी विचारले, "तिकडच्या लोकांना आमच्या विड्यांचं काय काम, मॅडम?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आज ते आपल्यापुढे देण्याचा प्रयत्न करते.

भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, कला या साऱ्यांना मिळून आपण मानव्यविद्या म्हणतो. या विद्यांमध्ये पुरावा असतो तो शिलालेखाचा, दप्तरातील कागदाचा, ओवीचा, माणसाच्या आठवणीचा; आणि असा पुरावा स्वतःहून बोलत नाही, त्याचा अर्थ लावावा लागतो. ज्या गावात आपण जन्मलो, तेथील पुराव्याचा अर्थ लावताना आपल्याला पुष्कळ गोष्टी इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या दिसेनाशा होतात. म्हणून आपले काम अनोळखी, पण अभ्यासू माणसांपुढे मांडून त्यांचे प्रश्न ऐकणे ही या विद्यांची फार जुनी गरज आहे. प्राच्यविद्येच्या, म्हणजे आशियातील भाषा, इतिहास आणि संस्कृती यांच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1873 साली पॅरिसला भरली. पुढच्याच वर्षी लंडनला भरलेल्या परिषदेला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना जाता आले नाही, तरी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा आपला निबंध त्यांनी तेथे पाठवला. 1886 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेला मात्र ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून स्वतः गेले. त्या शहरात तेव्हा जर्मन संस्कृत पंडित गेऑर्ग ब्यूलर प्राध्यापक होते, ज्यांनी त्याआधी अनेक वर्षे मुंबई इलाख्यात शिकवले होते आणि हस्तलिखिते गोळा केली होती. पुढे 1919 मध्ये पुण्याला भांडारकर संस्थेत पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपदी भांडारकरच होते. नाशिकच्या डोंगरातील अक्षरे लंडनला वाचली गेली, हे मला आजही थोर वाटते.

आपल्या जवळच्या काळातीलही एक उदाहरण आहे. हायडेलबर्ग विद्यापीठातील गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाची उपासना यांवर आयुष्य वेचले. वाड्यावस्त्यांवर हिंडून त्यांनी जे टिपून ठेवले, ते अनेकांच्या घरी रोज कानावर पडत होते. पण त्याला अभ्यासाचा विषय मानायला आपल्याकडील विद्वानांना वेळ लागला. ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्राची संस्कृती आणि समाज यांवर निरनिराळ्या देशांत ज्या परिषदा भरत आल्या, त्यांतून अशा कामांना एक घर मिळाले.

आता अशा परिषदेत भाग कसा घेतात, ते सांगते. परिषद जाहीर होते तेव्हा तिचे मध्यवर्ती सूत्र दिलेले असते आणि सुमारे तीनशे शब्दांचा गोषवारा मागवलेला असतो. माझ्या मते खरी परीक्षा या तीनशे शब्दांतच होते. माझ्या पहिल्या गोषवाऱ्यात सोलापूरच्या गिरण्या होत्या, 1930 चा मार्शल लॉ होता, चादर होती, सिद्धेश्वराची यात्रा होती, आणि विड्या वळणारी बाई शेवटच्या दोन ओळींत होती. विद्यार्थिदशेतील माझ्या एका मार्गदर्शक बाईंना मी तो दाखवला. त्यांनी पहिले सहा परिच्छेद पेन्सिलीने आडवे खोडले आणि विचारले, "तुला नेमके काय सापडले आहे?" मला सापडले होते ते एवढेच की, या स्त्रियांच्या बोलण्यात मजुरीपेक्षा 'छाट' हा शब्द अधिक वेळा येतो. वळलेल्या विड्या कारखान्यात तपासल्या जातात, तेव्हा ज्या खराब ठरवून बाजूला काढतात त्या छाट. त्यांची मजुरी मिळत नाही. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, ही फार मोठी गोष्ट होती. परंतु तिच्या कामाचे मोल ठरते ते छाटणाऱ्याच्या हाती, आणि ती ज्या रीतीने या छाटीविषयी बोलते, तिच्यावर बोल लावते, तिच्यावरून म्हणी रचते, त्यातून कायद्याच्या कागदात न सापडणारा इतिहास कळतो.

हे इंग्रजीत लिहायला बसले तेव्हा 'छाट' या शब्दापाशी मी चार दिवस अडले. 'नाकारलेला माल' असे भाषांतर सरळ होते, पण त्यात छाटण्याची धार नव्हती, आणि झाडाची फांदी छाटतात तोच हा शब्द आहे हेही कळत नव्हते. शेवटी मी मूळ शब्दच ठेवला आणि त्याचा अर्थ एका पूर्ण परिच्छेदात उलगडला. तो परिच्छेद लिहिताना मला माझा विषय प्रथमच पुरता समजला. परक्या माणसाला समजावून सांगण्याची तयारी करताना आपल्याच विषयातील पोकळ जागा हाताला लागतात. मला वाटते, अशा परिषदेचा निम्मा लाभ घर सोडण्याआधीच पदरी पडतो.

वाचनाला वीस मिनिटे असतात. वीस मिनिटांत सावकाश वाचल्यास दोन हजारांच्या आसपास शब्द होतात, त्याहून अधिक नाही. मी घड्याळ लावून सहा वेळा मोठ्याने वाचून पाहिले. व्हिसाच्या कामासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसने दोनदा मुंबई केली. प्रवासाविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

मात्र तरुण प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी ऐकत असतील, तर त्यांच्यासाठी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 2010 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि त्यात आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधवाचनाला गुण होते. गुण आले की बाजार येतो. काही वर्षांपूर्वी मीही अशा एका परिषदेचे शुल्क भरून बसले होते. नावात 'आंतरराष्ट्रीय' होते, विषयांच्या यादीत भाषेपासून वाणिज्यापर्यंत सगळे होते, आणि माझा गोषवारा पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वीकारला गेला होता. हॉटेलच्या एका सभागृहात प्रत्येकाला तीन मिनिटे मिळाली; प्रश्न विचारायला कोणी थांबले नाही; दुपारी प्रमाणपत्रे वाटली गेली. ते प्रमाणपत्र अजून माझ्या फायलीत आहे आणि ते पाहिले की मला वाईट वाटते, कारण त्या दिवशी तेथे आलेल्या कितीतरी जणांचे काम चांगले होते आणि ते कोणीही ऐकले नाही. तेव्हा गोषवारा कोण तपासतो, प्रत्येक निबंधाला किती वेळ आहे, चर्चेला वेळ राखला आहे का, एवढे विचारल्याशिवाय कोणीही पैसे भरू नयेत.

माझ्या सत्रात चार निबंध होते. एक नेपाळमधील गालिचे विणणाऱ्या कामगारांवर, एक पोर्तुगालमधील डबाबंद मासळीच्या कारखान्यांतील स्त्रियांवर, एक जुन्या छापखान्यांतील अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांवर आणि एक माझा. चारही निबंधांत हात होते, बोटे होती, वेग होता. सत्राध्यक्षांनी हे निबंध एकत्र का ठेवले ते ऐकता ऐकता उमगत गेले. माझे वाचन झाल्यावर मागच्या रांगेतील एका वयस्कर बाई उठल्या. भाषाशास्त्र हा त्यांचा विषय होता आणि भारतात त्या कधी आलेल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, "या स्त्रिया विड्या कोणत्या भाषेत मोजतात?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. मी तीन वर्षे या घरांत बसत होते. माझ्या निबंधात लिहिले होते की सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा भाषांचे शहर आहे. बाराव्या शतकात येथे संत सिद्धरामेश्वरांनी आपली भक्तिपर वचने कन्नडात रचली. हातमागापासून यंत्रमागापर्यंतचे येथील विणकाम मोठ्या प्रमाणावर तेलुगू भाषक पद्मशाली समाजाने उभे केले. हे सारे मी प्रस्तावनेत लिहून मोकळी झाले होते, आणि मुलाखती मात्र मराठीत घेतल्या होत्या, कारण मला मराठी येत होते. त्या मराठीत उत्तरे देत होत्या, म्हणून त्यांचे कामही मराठीत चालते असे मी न बोलता गृहीत धरले. मी व्यासपीठावरून तसे कबूल केले. त्या बाई म्हणाल्या, "तर मग परत गेल्यावर विचारा आणि मला कळवा." त्यांनी आपला पत्ता लिहिलेला कागद मला दिला.

परत आल्यावर मी अक्कांकडे गेले आणि तोच प्रश्न विचारला. त्या हसल्या. "मोजायचं तेलगूतच की, मॅडम. ओकटी, रेंडू, मूडू. पंचवीस झाले की दोरा. कारखान्यात गेलो की हिशेब मराठीत सांगायचा." मी विचारले, "आणि छाटीवरून भांडायचे?" त्यावर शेजारच्या दुसऱ्या बाईंनीच उत्तर दिले, "ते मराठीत. त्याला समजाय नको का?" मग मी तीन वर्षांत प्रथमच काही न विचारता तासभर नुसती ऐकत बसले. सुपाशी तेलुगू चालत होते, दारावर आलेल्या भाजीवालीशी कन्नड मिसळलेली मराठी, नातवाशी मराठी, आणि पंचवीसचा आकडा भरला की ओठांतल्या ओठांत तेलुगूच. तपासनीस मराठीत बोलतो, म्हणून 'छाट' हा शब्द त्या तेलुगू वाक्यातही जसाच्या तसा येत होता. ज्या शब्दावर मी चार दिवस अडले होते, तो त्या घरातही परक्या भाषेतून आलेला पाहुणाच होता, हे मला त्या तासात कळले. अक्कांच्या प्रश्नाचे उत्तरही मला तेथेच मिळाले: तिकडच्या त्या बाईंनी विचारले नसते, तर मी हे विचारले नसते.

हे सगळे मी त्या अभ्यासक बाईंना कळवले आहे आणि निबंध नव्याने लिहिते आहे. त्याआधी अक्कांच्या अंगणात दहा-बारा जणींपुढे मी तो मराठीत वाचून दाखवला. त्यांनी दोन चुका सांगितल्या. एक तंबाखूच्या वजनाची होती आणि एक मी म्हण अर्धीच लिहिली होती ती. मग अक्कांनी विचारले, "यात माझं नाव कुठं आहे?" मी सांगितले की माहिती देणाऱ्यांची ओळख उघड करू नये असा संशोधनाचा संकेत आहे, कारखान्याकडून त्रास होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं वळते मी. कोण काय करतंय मला?"

परिषदेच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांना मी लिहिले आहे की, संमती लेखी घेऊन नाव देता येईल का. उत्तराची वाट पाहते आहे. या भाषणासाठी येण्यापूर्वी काल संध्याकाळी मी अक्कांना विचारले, रेडिओवर तुमचे नाव घेऊ का. दोऱ्याचा वेढा पुरा करून त्या म्हणाल्या, "रेडिओवर नको. छापून येईल तिथं घाला. नातीला दाखवता येईल."