वजनावर की नगावर?

[जुना बाजार, रविवार सकाळ]

पितळेचा बंब. त्याला खेटून टाइपरायटर. टाइपरायटरवर ठेवलेली समई आणि समईला टेकवलेलं कुठल्याशा मोटारसायकलचं हँडल. पुण्याच्या जुन्या बाजारात मांडणी म्हणतात ती हीच. मंगळवार पेठेत, कुंभारवेशीजवळ, दर बुधवारी आणि रविवारी रस्त्याकडेला ताडपत्र्या पडतात आणि शहराच्या माळ्यांवरचा ऐवज उन्हात येतो.

इथं बोलणं सुरू होतं ते एकाच प्रश्नानं. वजनावर की नगावर? साधी कळशी, चेपलेला हंडा, तळ गेलेलं तपेलं काट्यावर जातं आणि पितळेच्या चालू भावानं विकलं जातं. पण काठाला नक्षी असली, समईच्या टोकावरचा हंस शाबूत असला, की ती वस्तू काट्यावरून उतरते. मग ती नग होते, आणि नगाला भाव नसतो, घासाघीस असते.

निळ्या कुडत्यातल्या या ताई आणि पिशवी धरून मागं उभे असलेले त्यांचे यजमान सिंहगड रस्त्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. फ्रिज, गादी आणि पंखे सोडले तर घरात नवं काही आणायचं नाही, असं त्यांचं ठरलं आहे. ताईंच्या हातात काय आहे ते बघा. लोहचुंबक. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पितळेचा मुलामा. हल्ली ‘अँटिक फिनिश’ म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंच काही या चाचणीत नापास होतं. दुसरी परीक्षा डोळ्यांची. खरी जुनी वस्तू हात लागतो तिथं झिजते, म्हणजे कडीपाशी, काठापाशी, मुठीपाशी. सगळीकडे सारखी काळपट दिसणारी वस्तू कारखान्यातच म्हातारी झालेली असते.

[डब्याचा क्लोजअप]

हा डबा नगावर गेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरली आहेत. नावाची सुरुवात झिजली आहे, पण पुढचं स्पष्ट वाचता येतं: ‘हिस बारशानिमित्त आजोळकडून’. विक्रेता म्हणतो, “मॅडम, नाव घासून देतो, गुळगुळीत होईल.” ताई नको म्हणतात. आमचंही मत तेच. नाव घासलेला डबा विकत घ्यायचा, तर मग मॉल काय वाईट?

बारशाचा डबा ताडपत्रीवर आला कसा? ती गोष्ट स्टेनलेस स्टीलची आहे. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत मराठी स्वयंपाकघरांतून पितळ उठलं आणि स्टील बसलं. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंचेनं घासावं लागत नाही, आणि ते वजनाला हलकं. बायकांनी पितळ मोडीत घातलं, यात त्यांची चूक काहीच नव्हती. रोज पहाटे पितळी घंगाळ घासून बघावं, म्हणजे कळतं. जरीच्या साड्या बोहारणीच्या टोपलीत गेल्या, त्या बदल्यात स्टीलची पातेली आली. मोडीत गेलेलं बहुतेक पितळ वितळलं. जे वितळलं नाही, ते इथं.

[पेठेतला वाडा, पाडकाम]

लाकडाची वाट वेगळी. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पेठांतल्या वाड्यांची भाडी गोठवली. भाडं पंधरा रुपये आणि कौलं शाकारायचा खर्च हजारांत, असा हिशेब झाल्यावर मालकांनी हात आखडता घेतला. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे त्या एका दिवसात गेले. उरलेले बिल्डरांच्या वाट्याला आले. वाडा उतरवतात तो वरून खाली. आधी कौलं, मग कडीपाट, म्हणजे लाकडी छत, मग तुळया, शेवटी खांब आणि दारं. सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत जातं. माणसं उपनगरांत गेली.

ही ती वखार. महिरपी भिंतीला टेकवल्यात, खांबांचे कमळाचे पाय एका कोपऱ्यात रचलेत, आणि मधोमध हे दार. याला बिजागऱ्या नाहीत. फळीलाच वर-खाली गोल टोकं ठेवलेली असायची आणि ती उखळीत फिरायची. दारावर ऑइलपेंटचे थर आहेत. वरचा तपकिरी, त्याखाली पोपटी, त्याखाली निळा. सुतारकाका पत्रीनं ते खरवडतात तेव्हा घराचे रंग उलट क्रमानं बाहेर येतात. तिन्ही थर निघाल्यावर लाकूड दिसतं, मधासारखं. मग पॉलिशपेपर, आधी जाडा, मग बारीक. मग लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्यानं, गोल गोल हात फिरवत एकावर एक पातळ हात. भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची का, असं काका विचारतात. कडीकोयंड्याची भोकं, खिळ्यांचे व्रण, खाली मांजरानं ओरबाडलेली जागा. काहीच बुजवायचं नाही, असं ठरतं. काकांना ते पटलेलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. या दाराचं जेवणाचं टेबल होणार आहे, वर काच टाकून.

[कल्हईची भट्टी]

आता बाजारातून आणलेलं हे पितळी पातेलं. शोभेला ठेवायचं, तर ते पितांबरीनं घासलं की झालं. पण ताईंना त्यात आमटी करायची आहे. आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो. ताक तर तासाभरात हिरवट पडतं. म्हणून कल्हई.

कल्हईवाले चाचा हल्ली महिन्या-दोन महिन्यांनी सोसायटीच्या फाटकाशी येतात. जमिनीत उथळ खड्डा, त्यात कोळसा, बाजूला हातानं फिरवायचा पंखा. पातेलं आधी आतून लख्ख घासलेलं हवं. तेलाचा डाग राहिला तर तिथं कल्हई धरत नाही. पातेलं निखाऱ्यावर कलतं, सांडशीत फिरत राहतं. पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर. हा बघा, पांढरा धूर उसळला! नवसागर धातूवरचा गंज खातो. लगेच कथलाची पट्टी तापल्या तळाला टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, पितळ त्या आचेवर ढिम्म राहतं, सगळी कला या फरकावर उभी आहे. चाचांच्या हातातला कापसाचा बोळा एक फेरी मारतो आणि पिवळं पातेलं आतून चांदीचं होतं. अजून एक फेरी, काठापर्यंत. मग चर्रर्र करत पाण्यात. “ताई, रिकामं गॅसवर ठेवू नका, कल्हई उतरेल,” एवढी एकच सूचना. धुराचा त्रास चाचांना होतोच. त्यांची मुलं या धंद्यात नाहीत.

[केळकर संग्रहालय, दर्शनी भाग]

घरातल्या वापरातल्या वस्तूंचं वेड पुण्याला नवं नाही. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली, आणि त्यांचं मन तलवारींइतकंच अडकित्त्यांत, दिव्यांत, दौतींत, पाय घासायच्या वज्रीत रमलं. कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी सुटा करून आणून इथं पुन्हा उभा केला. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं उभं राहिलेलं हे संग्रहालय १९७५मध्ये त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केलं. वीस हजारांवर वस्तू. पण त्या काचेआड आहेत. त्यातल्या तांब्यानं आता कुणी पाणी पिणार नाही.

[फ्लॅट, दुपार]

इथं पितात. घंगाळात गॅलरीतला ओवा लावला आहे, त्याला सासूबाईंचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, घंगाळ ते घंगाळ, त्यात माती कशाला? चिनी मातीच्या बरणीत मात्र लोणचंच आहे, तिथं त्यांचं चाललं. भिंतीवरची लक्ष्मी ही रविवर्म्याच्या छापखान्यातल्या धाटणीची. १८९४ला मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याची चित्रं देशभर देवघरांत पोचली. या चित्रातल्या लक्ष्मीच्या पदराला कुणीतरी खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या आहेत. चौकटीला वाळवीनं एका बाजूनं खाल्लं आहे. तेवढी पट्टी नवी बसवली, रंग न जुळवता.

पलंगावरची गोधडी तेवढी बाजारातली नाही. यजमानांच्या आजीच्या साड्या आहेत त्या. इरकलीचे काठ वर, मऊ झालेली नऊवारी आत.

आणि तो डबा? त्यात डाळ नाही, दागिने नाहीत. घरच्या लेकीचं बारसं झालं, तेव्हा ताईंच्या माहेरून तिला काही द्यायचं होतं. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देणारा अजून बसतो. ताईंच्या आईनं झाकण उलटं करून दिलं आणि आतल्या बाजूला, जुन्या नावाला धक्का न लावता, नवं नाव घालून घेतलं. दुकानदारानं विचारलं, “आधीचं कुणाचं?” आजी म्हणाल्या, “असेल कुणाचंतरी. तुम्ही तारीख विसरू नका.”