अर्थाच्या रकान्यात काय लिहायचं?

मित्रहो, इंग्रजीतले वरच्या पातळीवरचे शब्द शिकायचे असं ठरलं की बहुतेकजण आधी एक वही करतात. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. वहीला माझा विरोध नाही. उजवीकडचा रकाना फार अरुंद असतो, एवढीच माझी तक्रार आहे, आणि आजचं बोलणं बरंचसं त्या रकान्याबद्दलच आहे.

'नोटोरियस' हा शब्द घ्या. समोर 'प्रसिद्ध' असं लिहिलं, पाठ केलं, आणि निबंधात एखाद्या थोर समाजसेवकाला नोटोरियस म्हणून मोकळे झालो. आता नोटोरियस माणूस सर्वांना ठाऊक असतो हे खरंच, पण वाईट कारणासाठी. 'कमिट'पुढे नुसतं 'करणे' लिहिलं तरी हीच गत. गुन्हा कमिट करतात, चूक कमिट करतात. सत्कृत्य कमिट केलं असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. म्हणजे शब्दाला अर्थ असतो तसा त्याचा गोतावळाही असतो. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली हेच सांगितलं होतं, की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. पुढे १९८७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली कोबिल्ड हा इंग्रजी शब्दकोश निघाला. प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात भरून तो तयार केला होता, आणि त्यात अर्थ सुटा न देता पूर्ण वाक्यात दिलेला असे: अमुक माणूस अमुक गोष्टीबाबत असं करतो, तेव्हा हा शब्द वापरतात. शिकणाऱ्याला हवं असतं ते हेच. तुमच्याही वहीत शब्दापुढे निदान एक अख्खं वाक्य असू द्या, आणि ते मनाने रचलेलं नको, वाचनात भेटलेलं हवं.

इंग्रजीत एकाच अर्थाचे इतके शब्द का, हा प्रश्न नेहमी येतो. याचं बरंचसं उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच झाली. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून आणखी भर घातली. त्यामुळे एकावर एक थर बसले. 'आस्क' हा जुना घरचा शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' थेट लॅटिनमधला. तिन्हींच्या मुळाशी विचारणंच आहे. पण मित्राला आपण आस्क करतो, साक्षीदाराच्या म्हणण्याला क्वेश्चन करतो, आणि पोलीस संशयिताला इंटरॉगेट करतात. मराठी माणसाला हे नवं वाटू नये. पाणी, जल आणि उदक आपण एकाच वाक्यात अदलाबदल करून वापरत नाही. म्हणून समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्यांकडे मी थोडा संशयानेच पाहतो. यादी शब्दांना एका ओळीत बसवते. वापरात ते तसे बसत नाहीत.

धातू आणि उपसर्गांवरून शिकण्याची पद्धत मात्र मला आवडते. लॅटिनमध्ये 'स्पेक्' म्हणजे पाहणं. त्यातून आत पाहणं म्हणजे इंट्रोस्पेक्शन, मागे वळून पाहणं म्हणजे रेट्रोस्पेक्ट, आणि चहूकडे पाहून पाऊल टाकणारा तो सर्कमस्पेक्ट. गंमत म्हणजे आपल्या 'स्पष्ट' या शब्दातला स्पश् धातू याच कुळातला आहे. पण इथेही सावध राहायला हवं. 'एनर्व्हेट' ऐकलं की 'एनर्जी' आठवते आणि उत्साह देणे असा अर्थ वाटतो. प्रत्यक्षात तो नेमका उलट, गळून जायला लावणे. मूळ लॅटिन शब्दात स्नायू काढून घेण्याची कल्पना आहे. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचं मोल करता येत नाही असं. 'इन्फ्लेमेबल' वस्तू तर चक्क पेट घेते. धातूवरून अंदाज जरूर करा, निकाल मात्र कोशात पाहूनच लावा.

आता किती शब्द पुरेत? शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं कुणाच्या मदतीशिवाय वाचायला साधारण ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची जवळची रूपं. आकडा दडपण आणणारा आहे, पण सगळे शब्द सारख्या कामाचे नसतात. याच विषयाच्या अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासविषयक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी प्रसिद्ध केली. असल्या लेखनातले सुमारे १० टक्के शब्द तेवढ्यातून येतात. त्यात 'हेन्स', 'कन्स्ट्रेन', 'कोहेरंट' असे शब्द आहेत. 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' आहेत. यातलं पहिलं, म्हणजे सुचवणं, बोलणारा करतो आणि दुसरं, म्हणजे अनुमान काढणं, ऐकणारा. चांगले शिकलेले लोकही इथे गल्लत करतात. हा मधला पट्टा सोडून वर्षातून एकदा भेटणाऱ्या विचित्र शब्दांमागे धावणं ही मला हौस वाटते, अभ्यास नव्हे.

पाठांतराबद्दल थोडक्यात. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला. पाठ केलेलं तासाभरात निम्म्याहून अधिक निसटतं, मग घसरण मंदावते. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते हे लक्षात ठेवा. अर्थ असलेली गोष्ट त्यापेक्षा टिकते. उजळणी एका बैठकीत दहादा करण्यापेक्षा अंतर वाढवत करावी: उद्या, मग तीनचार दिवसांनी, मग पंधरवड्याने. आणि उजळणी म्हणजे पान वाचणं नव्हे. उजवा रकाना झाकून आठवायचं, आठवत नसेल तर थोडं झगडायचं, मगच पाहायचं.

शेवटचा एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: शिकलेले शब्द वापरायचे कधी? घाई करू नका. वाचताना ओळखू येणारे शब्द लिहिता-बोलताना वापरता येणाऱ्या शब्दांपेक्षा नेहमीच जास्त असतात, आपल्या मातृभाषेतसुद्धा. नवा शब्द आधी त्याच संगतीत वापरून पाहा, जिथे तो तुम्हाला भेटला. 'मिटिगेट' (तीव्रता कमी करणे) हा शब्द 'रिस्क'बरोबर वाचला असेल, तर पहिल्यांदा 'रिस्क'बरोबरच लिहा. दोनतीन ठिकाणी आणखी दिसला की पुढे जा. आणि बोलता बोलता तो आठवलाच नाही, तर सरळ 'रिड्यूस' म्हणा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.