चार वाटा, एकच डिस्क: क्लस्टरमधील मल्टिपाथ आणि एलव्हीएम

नमस्कार. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजी-पर्वरीची ये-जा फेरीबोटींच्या भरवशावर आली. आज तिथे तीन पूल आहेत. पण पूल तीन झाले म्हणून पणजी तीन झाल्या नाहीत. क्लस्टरला, म्हणजे एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या सर्व्हरच्या गटाला, स्टोरेज जोडताना नेमके हेच सर्व्हरला समजावून सांगावे लागते.

पडद्यावर पाहा. या सर्व्हरला दोन एचबीए पोर्ट (स्टोरेजला जोडणाऱ्या कार्डाचे) आहेत आणि स्टोरेजला दोन कंट्रोलर, त्यामुळे एकच लन, म्हणजे स्टोरेजने दिलेली डिस्क, एसडीबी, एसडीसी, एसडीडी आणि एसडीई अशा चार नावांनी दिसत आहे. चारही ठिकाणी डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळखक्रमांक, मात्र एकच आहे, आणि त्यावरूनच मल्टिपाथ ही लिनक्समधली सोय या चार वाटांचे मिळून एक डिव्हाइस तयार करते. एलव्हीएम ही डिस्कच्या जागेची वाटणी करणारी व्यवस्था; तिचा फिजिकल व्हॉल्यूम, म्हणजे पायाची डिस्क, याच डिव्हाइसवर बनवावा. मल्टिपाथ सुरू होण्यापूर्वी थेट एसडीबी या एकाच वाटेवर पीव्हीक्रिएट (फिजिकल व्हॉल्यूम बनवणारी कमांड) चालवली, तर ती बिनतक्रार पार पडते आणि चूक कित्येक महिने ध्यानात येत नाही. म्हणून एलव्हीएमच्या फिल्टरमध्ये, किंवा रेड हॅट 9 मध्ये डिव्हाइसेस फाइलमध्ये, केवळ मल्टिपाथचीच डिव्हाइस ठेवावीत.

मल्टिपाथने दिलेल्या नावांपैकी एका सर्व्हरवरचा एमपाथए दुसऱ्यावर एमपाथबी असू शकतो. एलव्हीएम डिस्कवर लिहिलेल्या आपल्या यूयूआयडी या ओळखक्रमांकावरून डिस्क ओळखतो, त्याचे काही अडत नाही. घोटाळा माणसाचा होतो. तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूआयडीनुसार नाव ठरवून तीच मल्टिपाथ कॉन्फ फाइल सर्व सर्व्हरवर ठेवावी.

एक्सएफएस ही फाइल सिस्टिम दोन सर्व्हरनी एकाच वेळी माउंट केली, तर डेटा खराब होतो. यासाठी सिस्टिम आयडी वापरून व्हॉल्यूम ग्रुपची (फिजिकल व्हॉल्यूमच्या संचाची) मालकी एका वेळी एकाच सर्व्हरकडे द्यावी, बूटच्या वेळचे आपोआप ॲक्टिव्हेशन बंद करावे आणि ते काम पेसमेकर या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एलव्हीएम-ॲक्टिव्हेट रिसोर्सवर सोपवावे. दोन्हीकडून एकदम लिहायचेच असेल, तर जीएफएस2 ही सामायिक फाइल सिस्टिम आणि कुलपे सांभाळणारे डीएलएम व एलव्हीएमलॉकडी लागतात.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला, त्या ओळीकडे, म्हणजे मल्टिपाथच्या नो-पाथ-रिट्राय या सेटिंगकडे, येतो. फोंड्यातील एका कार्यालयात भर पावसाळ्यात वीज गेली आणि एक सॅन स्विच (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारा) बंद पडला. पहिल्या सर्व्हरच्या दोन्ही केबली त्याच स्विचला लावलेल्या होत्या. मल्टिपाथच्या यादीत चारही ओळींवर ‘फेल्ड फॉल्टी’ दिसत होते; दुसरा सर्व्हर धडधाकट होता, त्याला डिस्कही दिसत होती, तरीही फेलओव्हर होईना, म्हणजे काम त्याच्याकडे जाईना. कारण नो-पाथ-रिट्राय ‘क्यू’वर ठेवलेले होते: वाट परत येईपर्यंत प्रत्येक लिखाण रांगेत थांबत होते, डेटाबेसच्या प्रक्रिया ‘डी’ अवस्थेत (डिस्कची वाट पाहत, मारताही न येणाऱ्या) अडकल्या होत्या आणि अनमाउंट संपतच नव्हते. त्यातच फेन्सिंग, म्हणजे अडकलेल्या सर्व्हरला सक्तीने बंद करण्याची किंवा तोडण्याची सोय, बंद ठेवलेले असल्यामुळे अडकलेल्या सर्व्हरला क्लस्टर बाहेर काढू शकत नव्हता.

एकट्या सर्व्हरला अशी रांग उपकारक ठरू शकते. क्लस्टरमध्ये मात्र ती फेलओव्हरचाच रस्ता अडवते. पोलिंग इंटरव्हल (वाट तपासण्यातले अंतर) 5 सेकंद आणि नो-पाथ-रिट्राय 12 (तितक्या वेळा तपासणी) ठेवल्यास साधारण एका मिनिटानंतर लिखाण एरर देऊन मोकळे होते. पेसमेकरचा स्टॉप टाइमआउट त्याहून मोठा ठेवावा आणि फेन्सिंग चालू केल्याखेरीज क्लस्टर वापरात आणू नये. त्यानंतर कामकाज बंद असताना आधी एक केबल काढून मल्टिपाथची यादी पाहावी, मग दुसरीही काढावी आणि दुसऱ्या सर्व्हरवर माउंट येईपर्यंत घड्याळ लावून बसावे.