पाचारण पेलणारे शील

प्रिय बंधूभगिनींनो, एखाद्याला सेवेत घ्यायचे म्हटले की आपण आधी काय पाहतो? बोलता येते का, गाता येते का, चार माणसे जमवता येतात का. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, अध्यक्ष कसा असावा हे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले, तेव्हा पंधराएक गोष्टी सांगितल्या. त्यात कौशल्य म्हणावे असे एकच आहे, शिकवण्यास निपुण असणे. घर नीट चालवणे धरले तर दोन. उरलेले सगळे स्वभावाचे: नेमस्त, सौम्य, अतिथिप्रिय, द्रव्यलोभी नसलेला. शिवाय तो नवशिका नसावा, कारण गर्वाने फुगून तो पडण्याची भीती असते.

कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेली देणगी, एका दिवसात मिळू शकते. शीलाचे तसे नाही. योसेफ विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता, मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहिला तेव्हा तीस. मधली तेरा वर्षे गुलामीत आणि तुरुंगात गेली. रोमकरांस पत्रात संकटाने धीर, धीराने शील असा क्रम आहे. तिथे शीलासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ कसोटीला उतरलेपण असा होतो. म्हणजे जो कधी तापलाच नाही, त्याच्याकडे चांगला स्वभाव असेल; शील आहे की नाही, हे अजून त्यालाही माहीत नाही.

पडझड कशी होते, हे दावीद राजाच्या बाबतीत जवळून पाहा. राजे लढाईवर जातात त्या दिवसांत तो यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी गच्चीवरून त्याला एक स्त्री दिसली. इथपर्यंत फार काही बिघडले नव्हते. त्याने चौकशी केली आणि उत्तर स्पष्ट आले: ती उरीयाची बायको आहे. उरीया म्हणजे त्याच्याच शूर वीरांपैकी एक. देवाने रस्त्यात आडवा टाकलेला हा दगड होता. दाविदाने तो ओलांडून तिला आणायला माणसे पाठवली, आणि पुढे व्यभिचार व उरीयाचा खून घडला. मागे राहणे, पाहत राहणे, चौकशी करणे, बोलावणे, या चार पायऱ्या आहेत, आणि परतणे सर्वांत स्वस्त पहिल्या पायरीवर असते. आपण मात्र चौथ्या पायरीसाठी उपास करतो आणि पहिलीकडे लक्षच देत नाही.

मग देवाची आज्ञा मोडणाऱ्या शौलाचे, दाविदाआधीच्या राजाचे, काय वेगळे झाले? पाप तर दोघांनी केले, आणि ‘मी पाप केले’ हेही दोघे म्हणाले. पण शौलाने आधी लोकांच्या भीतीचे कारण पुढे केले, आणि नंतर शमुवेल संदेष्ट्याला विनवले की वडील जनांपुढे माझा मान राख. त्याआधीच त्याने कर्मेल येथे स्वतःचे स्मारक उभारले होते, हे विसरू नका. पाप दाखवून देणाऱ्या नाथान संदेष्ट्यासमोर दाविदाच्या कबुलीला मात्र सबबीचे शेपूट नव्हते. म्हणून क्षमा मागताना ‘पण’ हा शब्द तोंडात आला की तिथेच थांबा आणि वाक्य पुन्हा सुरू करा.

आता सराव कसा करायचा ते पाहू. पौल ‘सुभक्तीविषयी कसरत कर’ म्हणतो. कसरत म्हणजे ठरलेली वेळ आणि ठरलेले वजन. रात्री दहा मिनिटे वही घेऊन बसा. आज कोणावर चिडलो, कुठे फुगवून सांगितले, काय लपवले, एवढेच लिहा. ‘मी अशक्त आहे’ असे लिहू नका. त्यामागे सगळे दडते. ‘सभेला चाळीस होते, मी साठ सांगितले’ असे लिहा. एका वेळी एकच गोष्ट धरा, तीही महिनाभर. मात्र ही वही तारण, म्हणजे पापापासून सुटका, कमावण्यासाठी नाही. फळ पवित्र आत्म्याचे आहे आणि येशूने सांगितल्याप्रमाणे फांदी वेलीत राहिली तरच ते येते. वही फक्त दाखवते की फांदी कुठे सुकते आहे.

एकट्याने हे टिकत नाही. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ रोजी लहान गटांसाठी नियम लिहिले: आठवड्यातून एकदा भेटायचे आणि मागच्या भेटीनंतर कोणते पाप झाले हे उघड सांगायचे. तुम्हीही दोघे-तिघे पुरेत, पण ते तुमच्या हाताखालचे नसावेत. ते तुम्हाला खरे विचारणार नाहीत. असे गट बहुधा भांडणाने मोडत नाहीत. उत्तरे गुळगुळीत होत जातात आणि एक दिवस भेटच राहून जाते.

पैशाच्या बाबतीत मनाच्या निश्चयावर विसंबू नका, व्यवस्था लावा. पौलाने यरुशलेमेतील गरजू बांधवांसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, कोणी दोष लावू नये म्हणून. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे पैसा, लैंगिक शुद्धता, स्थानिक मंडळ्यांशी वागणूक आणि आकडे फुगवणे या बाबींवर आपसांत ठराव केला, तो याच शहाणपणाचा. अर्पण दोघांनी मोजावे, त्याच दिवशी सह्या कराव्यात, आणि पेटीची किल्ली पाळकाकडे नसावी. पाळक प्रामाणिक असेल तर त्यालाच याचा सर्वांत जास्त फायदा.

थकव्याला मात्र लगेच पाप समजू नका. एलीया संदेष्टा मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर, होरेब पर्वतावर आला.

शेवटी घर. महिन्यातून एकदा जोडीदाराला, किंवा घरात जो रोज तुम्हाला पाहतो त्याला, विचारा: माझ्याबरोबर राहणे या महिन्यात कुठे जड गेले? उत्तर ऐका, वहीत लिहा, आणि त्या दिवशी काहीही खुलासा करू नका.