मार्सेल किटेल आणि जर्मनीचा रुसवा

मित्रहो, ७ जुलै २०१७ रोजी त्र्वा ते न्युई-सां-जॉर्ज हा टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीचा सातवा टप्पा संपला, तेव्हा कोण जिंकले हे साध्या डोळ्यांना ठरवता येत नव्हते. जर्मनीचा मार्सेल किटेल आणि नॉर्वेचा एडवाल्ड बोआसन हागन या दोघांनीही शेवटच्या क्षणी हात ताठ करून सायकल अंगाखालून पुढे ढकलली होती. अंतिम रेषेवर रोखलेल्या कॅमेऱ्याचे छायाचित्र तपासल्यावर किटेलचे पुढचे चाक सहा मिलिमीटरने आधी पोचल्याचे दिसले. दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर तुडवल्यानंतरचा हा सहा मिलिमीटरचा फरक!

किटेलचा जन्म १९८८ साली थुरिंगियातील आर्नश्टाट येथे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीत झाला. गंमत अशी की, तो मुळात घड्याळाविरुद्ध एकट्याने सायकल पळवण्याच्या शर्यतीचा खेळाडू होता आणि त्या प्रकारात २००५ व २००६ असा दोनदा कनिष्ठ गटाचा जगज्जेताही झाला होता. त्याच्या स्प्रिंटमागे, म्हणजे अंतिम रेषेजवळच्या भरधाव मुसंडीमागे, मला ती जुनी तयारी दिसते. एरवी स्प्रिंटर शेवटच्या दीड-दोनशे मीटरपर्यंत सहकाऱ्यांच्या आडोशाला राहतो. ते वारा अंगावर घेत वेग चढवत नेतात आणि एकेक करून बाजूला होतात. हा धिप्पाड गडी मात्र एकदा आडोसा सोडून बाहेर पडला की तो वेग शेवटपर्यंत टिकवून धरायचा.

पण त्याची लोकप्रियता केवळ ताकदीने समजत नाही. १९९७ साली जर्मनीच्या यान उलरिशने टूर जिंकली, तेव्हा जर्मनी सायकलिंगच्या प्रेमात पडली होती. पुढे उत्तेजकांची प्रकरणे बाहेर आली. २००६ साली उलरिशला टूरच्या तोंडावर वगळण्यात आले, २००७ साली जर्मन स्प्रिंटर एरिक त्साबेलने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली आणि त्याच वर्षी तिथल्या सार्वजनिक वाहिन्यांनी टूरचे प्रक्षेपण अर्ध्यावर थांबवले. फसवले गेलेले प्रेक्षक रुसले, आणि तो रुसवा रास्तच होता.

अशा वातावरणात २०१३ साली किटेलने कॉर्सिकातील बास्तिया येथे पहिलाच टप्पा जिंकून एकूण क्रमवारीतल्या आघाडीवीराची पिवळी जर्सी मिळवली. त्या टूरमध्ये त्याने चार टप्पे जिंकले, त्यातला शेवटचा पॅरिसच्या शांझेलिझेवर, जिथे सलग चार वर्षे ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशचेच राज्य होते. पुढच्या वर्षीही चार टप्पे! मला महत्त्वाचे वाटते ते हे, की उत्तेजकांविरुद्ध तो उघडपणे, स्पष्ट शब्दांत बोलत राहिला. आधीच्या पिढीचे ओझे आपल्यावर का, असे म्हणत त्याने पाठ फिरवली नाही. २०१५ साली एआरडी ही जर्मन सार्वजनिक वाहिनी टूरकडे परतली, त्यामागे किटेल, आंद्रे ग्रायपेल, टोनी मार्टिन आणि जॉन डेगनकोल्ब या जर्मन सायकलपटूंच्या पिढीचे श्रेय मोठे आहे.

२०१७ ची टूर जर्मनीतल्याच ड्युसेलडोर्फहून निघाली. दुसऱ्या दिवशी बेल्जियममधील लिएजमध्ये जिंकल्यावर किटेलला अश्रू आवरले नाहीत. त्या वर्षी त्याने पाच टप्पे जिंकले, गुणांच्या क्रमवारीतल्या आघाडीवीराची हिरवी जर्सीही त्याच्या अंगावर होती. पण सतराव्या टप्प्यात तो पडला आणि त्याला शर्यत सोडावी लागली. टूरमधील त्याचे एकूण १४ टप्पे हा जर्मन विक्रम ठरला. पुढची दोन वर्षे मनासारखी गेली नाहीत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, सायकलवर स्वतःला असे पिळून काढण्याची इच्छाच उरलेली नाही, असे सांगून तो निवृत्त झाला.